लाखांदूरचा चंगेजखान

लाखांदूर
ता. १८ नोव्हेंबर २०२४

चि. सरितास दादाजीमामाचा जयभीम आणि पोटभर आशीर्वाद.

वि. वि. आम्ही इकडं खुशाल आहोत. थंडीनं तुझ्या मंदामामीचा गुडघा कुरकुरून राहिला, बाकी ठीक. फोनवर तू बोलतेस तं मले नुसती भणभण ऐकू येते. कान पार गेले, म्हणून पत्रच बरं. बुद्धगयेच्या यात्री निवासात तुझं काम कसं चालू आहे ते लिही.

पत्रास कारण की, आमच्या नाटकाचा हंगाम सुरू झाला. 'खानाची टाप' यंदा बी आहे आणि चंगेजखान बी मीच. कान नसले तरी चालते. नाटक तोंडपाठ आहे, समोरच्याचे ओठ पाहून मी बोलतो.

पहिला प्रयोग सिहोऱ्याच्या मंडईच्या जत्रेत झाला. शहर जाळा, एक बी जीव ठेवू नका, असा हुकूम मी सोडला आणि समोरचे सारे लोक उभे झाले. हात वर, तोंडं उघडी. जवान होतो तेव्हा लोकं मले ढेकळं मारत. मोहाडीच्या बाजारात एका बाईनं वांगे विकले नव्हते, म्हणे तू त्या म्हातारीचा एकुलता पोरगा मारला. मले ते कोणत्याही बक्षिसापेक्षा मोठं वाटलं. मधले काही वर्षं लोकं मोबाईल पाहत बसायचे. यंदा पुन्हा त्याइले राग आला, याचा मले लई आनंद झाला.

माया पातळ होऊ देऊ नको.

तुझा मामा
दादाजी

•

बुद्धगया
ता. २९ नोव्हेंबर २०२४

आदरणीय मामांना आणि मामीला सरिताचा सविनय जयभीम.

वि. वि. पत्र मिळालं, दोनदा वाचलं. लोक चिडले म्हणून खूश होणारा माणूस साऱ्या जिल्ह्यात तुम्हीच असाल. लहानपणी तुम्ही दाढी लावून घरी आलात की मी धानाच्या कोठीमागं लपायची, ते आठवलं. मामीला गुडघ्यासाठी गरम पट्टा पाठवते आहे. वापरायला लावा, कपाटात ठेवू देऊ नका.

आता इथली गंमत. आमच्याकडे मंगोलियाहून दुलमा नावाच्या एक आजी आल्या आहेत, सत्तरीच्या. सोबत नात आहे, तिला इंग्रजी येतं, म्हणून आमचं बोलणं होतं. आजींनी खोलीत बुद्धाची तसबीर मांडली आणि तिच्याखाली एका दाढीवाल्या माणसाचं लहानसं चित्र. मी विचारलं, हे कोण? नात म्हणाली, चिंगिस. म्हणजे तुमचाच चंगेज, मामा.

मला नवल वाटलं. त्यांच्या देशात तो नोटेवर आहे, विमानतळाला त्याचं नाव आहे, मुलांची नावंही त्याच्यावरून ठेवतात. माझे मामा नाटकात चंगेज होतात हे सांगितल्यावर आजी इतक्या हरखल्या की माझे दोन्ही हात धरून बसल्या. त्यांना वाटलं, भारतातही त्याला मान आहे. तुमच्या नाटकात तो काय करतो हे सांगायची माझी हिंमत झाली नाही. काय करू ते कळवा.

तुमचा आशीर्वाद इथवर पोचतो, तो येत राहावा.

तुमची
सरिता

•

लाखांदूर
ता. १२ डिसेंबर २०२४

चि. सरितास जयभीम व आशीर्वाद.

वि. वि. पट्टा पोचला. मामीनं कपाटातच ठेवला आहे.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मामीनं मले एक गोष्ट सांगितली. कानाशी तोंड आणून हळूहळू म्हणाली, सिहोऱ्याचे लोकं चिडले नव्हते, शिट्ट्या वाजवून राहिले होते. 'खान, खान' असा गजर चालला होता. मी एवढा खुशीत होतो की तिच्यानं आधी सांगवलं नाही.

मी दोन दिवस जेवणात लक्ष दिलं नाही. मग आठवलं की प्रयोगानंतर पोट्टे फोटो काढाले आले होते. माझी तलवार स्वतःच्या गळ्याले लावून हसून राहिले होते. त्यातला एक इथलाच, त्याले मी बोलावलं आणि विचारलं, का रे, तुले खान काहून आवडते? त्याचं म्हणणं मामीनं समजावून सांगितलं. खान कोणाले भेत नाही, पाहिजे ते घेते, त्याच्यापुढं कोणी बोलत नाही. पोरगं वाईट नाही, बापाले शेतीत मदत करते. म्हणून तं मले उमगत नाही. मी तेच बोलतो, तशीच मान फिरवतो. मंग बदललं कोण?

आता कंपनीचा मालक प्रविण म्हणते की शेवटी खान मरतो ते काढून टाकू, तो घोड्यावर बसून निघून जाईन. आणि तुळसाबाईचा विलाप बी काढू, लोकं कंटाळतात. तुळसाबाई, तुले माहीत आहे, मारलेल्या पोराची माय होते. मी ऐकलं नाही तं माझा खानाचा झगा मनिषले जाईन. मनिष जवान आहे, आवाज मोठा आहे.

तू त्या आजीले खरं सांग आणि विचार की तिले तो काहून पाहिजे. मले खरंच जाणून घ्यायचं आहे.

आमची आठवण ठेव, आम्ही तं ठेवतोच.

तुझा मामा
दादाजी

•

बुद्धगया
ता. २६ डिसेंबर २०२४

आदरणीय मामा-मामींना जयभीम.

वि. वि. तुम्ही सांगितलं म्हणून मी आजींना सगळं सांगितलं. जाळलेलं शहर, म्हातारीचा मुलगा, लोकांनी मारलेली ढेकळं, सगळं. त्यांनी चहाचा पेला खाली ठेवला आणि उठून गेल्या. दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. मला फार वाईट वाटलं. तुमच्यावरही थोडा राग आला, खरं सांगते.

तिसऱ्या दिवशी नातीला घेऊन त्या स्वतःच आल्या. म्हणाल्या की त्या शाळेत असताना त्यांच्याकडे वेगळं, कम्युनिस्टांचं राज्य होतं, तेव्हा चिंगिसचं नाव चांगल्या तोंडानं घेता येत नसे. पुस्तकात तो लुटारू होता. आजोबा मात्र दार लावून त्याच्या गोष्टी सांगायचे, कसा तो लहानपणी बापाविना उपाशी वाढला, कशी त्याच्या आईनं मुळं खणून मुलं जगवली. नंतर राज्य बदललं आणि तोच माणूस पुतळ्यावर चढला. त्यांचं एक वाक्य मी तसंच लिहिते. "माझ्या शाळेत तो राक्षस होता, नातीच्या शाळेत तो देव आहे. तोच माणूस मी दोनदा शिकले."

मी विचारलं, मग खरा कोणता? त्या म्हणाल्या, मला माहीत नाही. चित्र ठेवते ते आजोबांसाठी. मग त्यांनीच मला विचारलं, तुमच्या नाटकात तो ज्यांना मारतो, त्यांना नावं आहेत का? आमच्या दोन्ही पुस्तकांत नव्हती.

मी म्हटलं, मामांना विचारून सांगते. तुमच्या नाटकात आहेत का, मामा?

मामीला पट्टा लावायला सांगा. जीव लावता, तसाच लावत राहा.

तुमची
सरिता

•

लाखांदूर
ता. १६ जानेवारी २०२५

चि. सरितास जयभीम व आशीर्वाद.

वि. वि. नव्हती. गावकरी एक, गावकरी दोन, म्हातारी, म्हातारीचा पोरगा, एवढंच होतं. एवढे वर्षं मी त्याइले मारलं आणि कधी विचारलं नाही.

तुझं पत्र घेऊन मी तुळसाबाईकडं गेलो. तिनं वाचलं आणि म्हणाली, विलाप काढू द्या, मी फक्त नावं घेतो. प्रविणले आम्ही सांगितलं की घोड्याचा शेवट तुझा, आमच्या चार ओळी आमच्या. वेळ वाचते म्हणून तो राजी झाला. झगा सध्या माझ्याकडंच आहे.

परवा मोहाडीले प्रयोग होता. दिवसा तुळसाबाई चहाच्या टपरीवर बसून गावातल्या लोकाइची नावं विचारून आली. मी हुकूम सोडला, तसे लोकं उठले, हात वर गेले. आता मले माहीत होतं ते कायले उठले. तुळसाबाई पडलेल्या माणसाइपाशी गेली आणि एकेकाले हाक मारू लागली. टेकचंद, उठ बापा. पंचफुला, उठ वो. चिंधू, कुठं आहेस रे? मी समोर पाहत होतो. पुढच्या रांगेतले हात अगोदर खाली आले, मंग मधले. एक बाई मागं वळून कोणाले तरी पाहून राहिली होती. सारेच थांबले असं नाही. मागचे पोट्टे नाचतच होते, आणि शेवटी घोडा आला तेव्हा सारे पुन्हा उभे झाले. तुले खोटं लिहीत नाही.

पण सकाळी आम्ही सामान भरत होतो, तं एक माणूस मले भेटाले आला. साठीचा असन, डोक्याले दुपट्टा बांधला होता. म्हणाला, मी टेकचंद. मले वाटलं भांडाले आला. मामीनं मधात बसून त्याचं बोलणं माझ्या कानात सांगितलं. त्याले एवढंच विचारायचं होतं की त्या टेकचंदनं काय केलं होतं, खानानं त्याले काहून मारलं? मी म्हटलं, काहीच केलं नव्हतं, तो आपल्या घरी होता. त्यानं चहा संपवला. मंग उठता उठता म्हणाला, "तो घरीच होता, एवढं बी नाटकात सांगा."

पुढचा प्रयोग पवनीकडं आहे. तुळसाबाई ते वाक्य पाठ करून राहिली आहे.

दुलमाआजीले आमच्या दोघाइचा नमस्कार सांग. आणि तू आम्हाले विसरू नको.

तुझा मामा
दादाजी