पात कोण वाटणार

१४ जुलै, सोमवार
नात आली! रोशनी. कॉलेज बुडवून, खास आजीच्या धानाच्या रोवण्यासाठी. आनंदात भाजीत मीठ दोनदा पडलं, पण पोरगी मुकाट्यानं जेवली.
उद्या तळ्याखालची बांधी, आमचं धानाचं वावर. कोणत्या बाईनं रोवायचा कोणता पट्टा, कोणती पात धरायची, हे सासू गेल्यापासून मीच सांगते. बांधी माझ्या बुढ्याच्या नावावर, चिखल आमच्या.

१५, मंगळ
आज फोननं पाती वाटल्या. रोशनीनं त्यातल्या एआयले पुसलं, नऊ बाया, एक बांधी, न्याय कसा करू? तो म्हणे, सगळ्याइले सारखी रुंदी, चिठ्ठ्या टाका. बाया खूष. लहानी जाऊ देवकी माझ्याकडं पाहून म्हणे, "मशीन तोंड पाहून वाटत नाही न बाई!" तिले धुऱ्याजवळची, बांधालगतची कमी गाळाची पात भेटली.
रोवणाऱ्या बायाइतल्या सरिताचं लेकरू चार महिन्यांचं, धुऱ्यावर छत्रीखाली. अन् ती मधात, मांडीभर गाळात. लेकरू रडे, हिचा पाय निघेना. मीच धावली.
रोशनीले म्हटलं, "तुह्या फोनले चिखल ठावा हाय का?" हसली. लहानपणी सारं मले पुसे. चंद्र दिवसा कुठं झोपते, तेही.

१६
फोनले गाळाचं, लेकराचं सांगितलं तर मेला माफी मागते! गोड मागते, खोटं कायले बोलू. म्हणे, जिले गरज जास्त तिले धुरा द्या.
अरे, हे मी किती वर्षं सांगून राहिली! मी बोलली तर बुढीची बडबड. आज माझाच पोरगा म्हणते, "पाह्य माय, फोन किती हुशार हाय." त्याच्या ताटात आज भाजी मोजूनच पडली.

१७, गुरु.
रोशनी जवळ बसली. "आजी, तूच सांग. मी त्यात लिहिते."
मी फुगली! कुठं गाळ, कुठं जळवा, कोणाची कंबर धरते. कोपऱ्यात पाणकोंबडीची अंडी, तिथं दोन हात सोडायचं. सारं सांगितलं.
"अन् देवकी आजी? तिचा गुडघा गेला. तिले कुठं उभी करत होती तू?"
गाळात. दर साली. सासू तिलेच धुऱ्याची पात देत होती, मले एकदाही नाही. हे कोणत्या तोंडानं सांगू?
म्हटलं, थांब, चहा मांडते.
चहा पिऊन झाला. पोरगी अजून फोन धरून बसली हाय. अन् देवकी, गुडघा दाबत, आली अंगणात.
"बाई, उद्या पाती कोण वाटते?"