आकडा तीन की आठ

३ मार्च
रायफल अखेर माझ्या नावावर. काका गेले, त्यांच्या मुलींना नको होती, लायसन्स मला मिळालं. सोबत काकांच्याच काडतुसांचा पत्र्याचा डबा. बायको म्हणाली, हे घरात कशाला? म्हटलं, मी कारखान्याचा सेफ्टी ऑफिसर. हत्यार माझ्याकडे नाही तर कोणाकडे असावं? ती भाजी चिरत राहिली. पटलं असावं.
संकल्प: आधी तपासणी, मगच बार.

५ मार्च
ऑफिसमधून परस्पर बंदुकीच्या दुकानात. दुकानदार म्हणाला, नळीवरचा नंबर आणि काडतुसावरचा नंबर तंतोतंत जुळला पाहिजे; काडतूस आत बसलं म्हणून चालेलच असं नाही. नळीवरचा पुसट झालाय, रायफल ठेवून जा, मोजून देतो. ही जुनी काडतुसं मात्र अजिबात उडवू नका, इथेच जमा करा.
नवीन गळ्यात मारायची असतील. मी काय काल जन्मलो? रायफल आणि डबा, दोन्ही घेऊन परत.

८ मार्च, सकाळी
स्वतःच तपासलं. भिंगातून. नळीवरचा शेवटचा आकडा तीन किंवा आठ. काडतुसावर आठ. म्हणजे आठच. काडतूस घालून बोल्ट, म्हणजे नळी मागून बंद करणारा दांडा, सरकवला. अडला. जोर लावल्यावर बसला. नळी भिंतीकडे होती. पलीकडे फक्त बायको कपड्यांच्या घड्या घालत होती.
काही काडतुसांवर हिरवट डाग. टूथपेस्टने घासली. कोरी करकरीत.

१२ मार्च
मेहुणा आला होता. बायकोचा धाकटा भाऊ. शिंपी आहे, हातात कला, पण स्वभाव भित्रा. भाऊजी, दुकानदाराने बघितली ना, म्हणाला. म्हटलं, पूर्ण चेक झालीय. कोणी केली ते त्याने विचारलं नाही, मी कशाला सांगू? रविवारी बंद पडलेल्या खाणीत नेमबाजी. बायको त्याला म्हणाली, तुला जायलाच हवं का? तो हसला. ताई, भाऊजी आहेत ना बरोबर.

१५ मार्च, संध्याकाळी
हॉस्पिटलात बसून लिहितोय.
पहिला मान पाहुण्याचा म्हणून त्याला दिला. माझा खांदाही जरा धरला होता. त्याने चाप ओढला. आवाज फुसका. नेमासाठी समोर ठेवलेल्या रिकाम्या डब्याला काही लागलं नाही. त्याने रायफल खाली घेतली, म्हणाला, भाऊजी, गोळी बाहेर तरी पडली का? बोल्ट काढून नळीतून बघू या. म्हटलं, तू डोळे मिटलेस, नेम चुकला. भर दुसरी.
त्याने भरली.
नळी फाटली. त्याचा डावा हात. अंगठा आणि दोन बोटं गेली. तो ओरडला नाही, नुसतं विचारत होता, किती लागलंय हो? मी शर्ट काढून गुंडाळला. गाडीची किल्ली माझ्या खिशात होती आणि मी ती दगडांत शोधत होतो.
दुकानदाराने नीट बजावून सांगायला हवं होतं.

१७ मार्च
पोलिसांनी रायफल नेली. त्यांचा तज्ज्ञ म्हणाला, पहिली गोळी नळीतच अडकली होती, दुसरी तिच्यावर आदळली. आकडा तीनच होता.
संकल्प: उद्या जबाबात सगळं खरं सांगायचं. एकही शब्द न गाळता.

१८ मार्च
हॉस्पिटलात पोचायला उशीर झाला. मेहुण्याचा जबाब आधीच सुरू. हट्ट माझाच होता साहेब, भाऊजी नको नको म्हणत होते. पोलिसाने माझ्याकडे बघितलं. मी होकारार्थी मान डोलावली.
घरी येऊन आठवून बघितलं. नको म्हणालोही असेन. एकदा तरी.

२६ मार्च
डिस्चार्ज. बायको त्याच्याकडे राहायला जातेय. त्याला मदत लागेल. तात्पुरतंच.
ती औषधं आणायला गेल्यावर त्याला विचारलं, खोटं का बोललास? म्हणाला, तुमची नोकरी गेली तर ताईचं काय? मग हाताच्या बँडेजकडे बघत हळूच म्हणाला, भाऊजी, कोणी तपासलीच नव्हती ना?
म्हटलं, थांब, डॉक्टर येतायत.
डॉक्टर येत नव्हते.
खाली टॅक्सी आली. मी दार उघडून आत बसणार, तेवढ्यात बायको म्हणाली, जागा नाही, सामान आहे.
सामान म्हणजे एक पिशवी होती. तीही तिच्या मांडीवर.