दिल्लीत दीड तास पुष्कळ

९ नोव्हेंबर
उत्कर्षाचा फोन. २१ जानेवारीला लंडनमध्ये तिचा पदवीदान समारंभ. म्हणाली, बाबा, या वेळी तरी वेळेवर या. बारावीच्या सत्काराला मी पोचलो तेव्हा मांडववाले खुर्च्या उचलत होते, ते पोरगी अजून धरून बसली आहे. त्या दिवशी नाशिक फाट्याला ट्रॅफिक होतं. माझं प्लॅनिंग बरोबर होतं.

तिकिटं मीच काढणार. चाकणला कंपनीत इतकी वर्षं प्रॉडक्शन प्लॅनिंग बघतोय. माल गेटमधून थेट लाइनवर जातो, मध्ये साठा शून्य. जपानी साहेबाने टाळ्या वाजवल्या होत्या. मी, बायको आणि माझे वडील अण्णा, तीन माणसं लंडनला पोचवायची म्हणजे काय मोठं काम.

१० नोव्हेंबर
प्राजक्ता म्हणते, पुणे-दिल्ली-लंडन एकाच तिकिटावर घेऊ, दिल्लीत सहा तास मिळतात. मिळतात म्हणे. धडधाकट माणसं सहा तास नुसती बसवून ठेवायची. याला आमच्यात वेस्ट म्हणतात.

मी दोन वेगवेगळी तिकिटं शोधली. ११.४० ला दिल्लीत उतरायचं, १.१० ला लंडनचं विमान. खरं तर एक तास पुरला असता, पण बायको सोबत म्हणून सढळ हाताने अर्धा तास वाढवला. प्राजक्ताने सगळं ऐकून घेतलं. पटलं असावं.

११ नोव्हेंबर
पटलेलं नव्हतं. तिने स्वतःचं आणि अण्णांचं सहा तासवालं तिकीट काढून टाकलं, तेही एक दिवस आधीचं. मला विचारलं, अहो, तुमचंही काढू का? नको म्हटलं. प्रश्न तत्त्वाचा आहे. माझं मी वेगळं काढलं.

४ डिसेंबर
अण्णांना पाटीवर आकृती काढून आमचं शून्य साठ्याचं जस्ट-इन-टाइम समजावलं. वडील म्हणून त्यांनाही कळायला हवं. म्हणाले, आरं, आळंदीची यष्टी गाठायची तरी आमी तासभर आधी फाट्यावर जाऊन बसायचो, आन तू इमान पळत धरनार व्हय? मी म्हटलं, अण्णा, तो काळ वेगळा होता. तर म्हणाले, यष्टी बी येळेवर येत न्हवती. मुद्दा त्यांच्या लक्षात आला नाही.

१ जानेवारी
संकल्प. रोज पहाटे भरभर चालणे. दिल्लीत उपयोगी पडेल.

२ जानेवारी
फार थंडी. सोमवारपासून.

१२ जानेवारी
आमच्या डिस्पॅचचा सुजित आगाऊ आहे. विचारतो, सर, तिकिटं वेगळी म्हणजे दिल्लीत बॅग ताब्यात घेऊन परत चेक-इन करायचं ना? शिवाय जानेवारीत धुकं असतंय. मी म्हटलं, तुझ्या गाड्या तळेगाव चौकात अडकतात ते बघ आधी. बॅगेचं मी धरलेलंच होतं. म्हणजे आता धरलं. दहा मिनिटं. धुकं अकरापर्यंत उठतं.

हाच सुजित स्टोअरमध्ये माझ्या नकळत दोन दिवसांचा माल दडवून ठेवतो. अशा भित्र्या लोकांमुळे देश मागे राहिला.

१७ जानेवारी
पुतण्या कुलदीपने मोशीच्या चौकात फ्लेक्स लावला. ‘मा. श्री. ज्योतीरामशेठ यांना लंडन दौऱ्यानिमित्त हार्दिक शुभेच्छा.’ गॉगलमधला माझा फोटो. शेजारी हात जोडलेला कुलदीप, माझ्या दुप्पट, आणि खाली त्याच्या प्लॉटिंगच्या ऑफिसचा नंबर. शेठ वगैरे कशाला, असं मी म्हटलं. पण दिसतंय बरं. दोनदा गाडी वळवून पाहिला.

१९ जानेवारी
प्राजक्ता आणि अण्णा गेले. खाली गाडी उभी, आणि प्राजक्ता स्वयंपाकाच्या तानुबाईंशी जिन्यात कुजबुजत बसली. बायकांना निघताना वेळेचं भान नसतं.

दुपारी दिल्लीहून अण्णांचा फोन. धुक्यामुळे विमान दोन तास उशिरा उतरलं, तरी चार तास शिल्लक. भाकरी-ठेचा खाऊन खुर्च्यांवर आडवे झालेत. म्हणाले, लई झ्याक हाय हितं, गार वारं, कुनी उठवीत न्हाई. वाईट वाटलं. माणसाने आयुष्य असं फुकट घालवू नये.

२० जानेवारी, सकाळ
लोहगाव विमानतळ. विमान पन्नास मिनिटं लेट. दिल्लीत धुकं. अजून चाळीस मिनिटं हातात आहेत. टाइट आहे, पण टाइट म्हणजेच एफिशिअंट.

२० जानेवारी, विमानात
हवाई सुंदरीला म्हटलं, पायलटला जरा दाबून घ्यायला सांगा. ती हसली आणि पाणी देऊन गेली.

२० जानेवारी, दुपार, दिल्ली
बॅग सगळ्यांत शेवटी आली. तोवर पट्ट्यावर कुणाचं तरी आंब्याच्या लोणच्याचं खोकं फिरत होतं, त्याच्यासारखा निवांत मी कुणी पाहिला नाही. मग दुसरं टर्मिनल. पळालो. चालण्याचा संकल्प आठवला.

काउंटरला पोचलो तेव्हा विमान अजून जागेवर होतं. तिथली मुलगी म्हणाली, चेक-इन तासभर आधीच बंद होतं. म्हणजे पुण्याचं विमान वेळेवर आलं असतं तरी दीड तास नव्हताच, अर्धाच होता. तिकिटावर लिहिलेलं असतं म्हणे. मी म्हटलं, विमान उभं आहे ना, लेकीचा समारंभ आहे. ती म्हणाली, नियम सगळ्यांना सारखा, सर.

वाक्य ओळखीचं वाटलं. कंपनीत आठनंतर एक मिनिट झालं की अर्धा दिवस कापायचा, हा नियम माझा. भोसरीहून दोन शेअर रिक्षा बदलून येणाऱ्यांना मी गेटवर हेच ऐकवतो. फक्त सर म्हणत नाही.

पुण्याहून आणणारी विमान कंपनी म्हणते, पुढचं तिकीट वेगळं, आमचा संबंध नाही. आजची बाकी विमानं भरलेली. उद्याचं पोचेपर्यंत समारंभ संपतो. मी चढलोच नाही म्हणून परतीचं तिकीटही रद्द. पुण्याला परत जायला जागा मिळाली ती उद्या संध्याकाळची.

२१ जानेवारी
प्राजक्ताने फोनवर समारंभ दाखवला. मी दिल्ली विमानतळावर, चार्जिंगच्या खांबाला टेकून. इथे एकूण किती तास बसलो ते मोजत नाही.

उत्कर्षा काळ्या झग्यात स्टेजवर आली. तिने खाली प्रेक्षकांत पाहिलं. प्राजक्ता, अण्णा आणि शेजारी एक रिकामी खुर्ची. तिच्यावर अण्णांनी आपली टोपी काढून ठेवली होती, एसटीत जागा धरतात तशी. तिथल्या बाईने दोनदा उचलायला सांगितलं म्हणे, अण्णांनी उचलू दिली नाही. लोक बघत होते, तरी मला रडू आलं.

नंतर फोन केला. म्हटलं, कसंही करून उद्या निघतो. उत्कर्षा म्हणाली, राहू द्या बाबा, आता येऊन काय बघणार. चिडली असती तर बरं झालं असतं.

२२ जानेवारी
काल उशिरा घरी पोचलो, तोंडाला मफलर गुंडाळून. चौकात रिक्षावाल्याने फ्लेक्सकडे बोट केलं. ह्ये सायेब लंडनला गेल्यात, म्हणाला. मी म्हटलं, हो का.

नवा प्लॅन. रजा संपेपर्यंत बाहेर पडायचं नाही. दिवे लावायचे नाहीत. सगळी लंडनहून आली की त्यांच्याबरोबर आल्यासारखं ऑफिसला जायचं. घरात पोहे आहेत, लोणचं आहे. प्लॅनमध्ये कुठेही फट नाही.

२३ जानेवारी
सकाळी दारात किल्ली फिरली. तानुबाई. मी पटकन हॉलच्या पडद्यामागे झालो. त्या सरळ स्वयंपाकघरात गेल्या, कणकेचा डबा उघडला आणि तिथूनच विचारलं, दादा, मेथी करू का बटाटा?

मी पडद्यामागूनच विचारलं, मी घरात आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं? म्हणाल्या, ताईंनीच की. निघाल्या त्याच दिवशी जिन्यात सांगून गेल्या, दादा दोन दिवसांत माघारी येतील, एकट्यापुरत्या पोळ्या टाकत जा.

मेथी म्हटलं.