चौदा एप्रिलपर्यंत चालणारं लायसन

विक्रोळी,
२ फेब्रुवारी २०२५

चि. श्रुतिका हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फोन केला की तुझी आई स्पीकर लावते आणि जेवलीस काय याच्यापुढे विषय सरकू देत नाही. म्हणून कागदावर लिहून फोटो पाठवतोय. अक्षर लागलं नाही तर मोठं करून बघ.

तुझा निरोप वाचल्यापासून डोकं फिरलंय. जर्मनीत राहायला गेल्यापासून आपलं लायसन सहाच महिने चालणार, मग लेखी आणि गाडीची, दोन्ही परीक्षा नव्याने! पर्यटक आपलं लायसन खिशात घालून खुशाल फिरणार आणि तिथल्या म्हाताऱ्यांची घरोघर जाऊन सेवा करणारी नर्स परीक्षा देणार, हा कुठला न्याय? असो. एकतीस वर्षं मी कंपनीची बस चालवली, नवे ड्रायव्हर शिकवले, गाडीला ओरखडा नाही. त्या माणसाची मुलगी तू. इथे पहिल्या फटक्यात पास झालीस, तिथेही होशील.

काळजी वेगळीच आहे. सहा महिने संपायची चौदा एप्रिल जवळ येतेय आणि क्लास लावलास की नाही ते तू सांगतच नाहीस. गाडी गेली तर नोकरी जाईल, नोकरी गेली तर व्हिसा, हे तूच लिहिलंस ना? मग उशीर कसला करतेस? माझी रक्तदाबाची गोळी डॉक्टरांनी वाढवली, ती तुझ्यामुळे असं आई म्हणते. आणि वळणावर हॉर्न देत जा.

उत्तराची वाट बघतोय, आशीर्वाद आहेतच.
पप्पा


लाइपझिग,
९ फेब्रुवारी २०२५

ती. पप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र आईला वाचून दाखवू नका. आणि हॉर्नचं म्हणाल तर इथे हॉर्न वाजवला की लोक खिडकीत येऊन बघतात, कोण मेलं म्हणून.

क्लास मी मुद्दामच लावला नाही. तिथल्या सरांना पाच मिनिटांत कळलं असतं. पप्पा, मला गाडी चालवता येत नाही. तिकडे लायसनच्या परीक्षेच्या दिवशी माझ्या आधीच्या मुलीला आरटीओच्या साहेबांनी चढावर थांबवून, गाडी मागे घ्यायला लावून रडकुंडीला आणलं होतं. माझी पाळी आल्यावर त्यांनी नाव वाचलं, धोंडू राणे मास्तरांची मुलगी का असं विचारलं, गाडी दहा पावलं पुढे घ्यायला सांगितली आणि सही केली. बाहेर तुमचा चेहरा इतका फुलला होता की माझ्याच्याने काही बोलवलं नाही. त्यानंतर सहा वर्षं मी स्टिअरिंगला हात लावला नाही. पण लायसन होतं, म्हणून ही नोकरी मिळाली.

इथे पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं असतं. नियम मला पाठ आहे. तरी गेल्या मंगळवारी एक आजोबा उजवीकडून सायकलवर आले आणि माझा पाय ब्रेकवर वेळेत गेलाच नाही. गाडी लागली नाही, पण मला चुकवताना ते पडले. मनगट खरचटलं, मीच पट्टी बांधली. त्यांनी उलट माझेच आभार मानले. मला तेव्हापासून धड झोप नाही.

चौदा एप्रिलपर्यंत कायद्याने मी गाडी चालवू शकते. रोज सात घरं फिरते आणि रोज वाटतं, आज माझ्या हातून कोणीतरी जाणार. नोकरीच्या गाडीची किल्ली परत केली तर मला काढून टाकू शकतात, पहिले सहा महिने तसा करारच आहे. काय करू सांगा. रागावलात तरी चालेल, पण लवकर लिहा.

माझ्यावरची माया कमी करू नका.
तुमची श्रुतिका


विक्रोळी,
१३ फेब्रुवारी २०२५

चि. श्रुतिका हिस,
अनेक आशीर्वाद.

चार दिवस लिहायला बसतोय आणि उठतोय. रागवायचं कोणावर तेच कळेना.

साहेबांनी तुला आपसूक ओळखलं नाही. आदल्या दिवशी मी त्यांना भेटून आलो होतो. कंपनीचे नवे ड्रायव्हर परीक्षेला मीच घेऊन जायचो, त्यामुळे चांगली ओळख होती. पोरगी घाबरट आहे, सांभाळून घ्या म्हणालो. शाळेच्या दाखल्यापासून डॉक्टरच्या नंबरापर्यंत आपण हेच करत आलो, ओळख असताना लेकीला कशाला ताटकळत ठेवायचं, एवढंच डोक्यात होतं. वर मीच तुझ्या पास होण्याची फुशारकी मारत राहिलो. शंभरेक ड्रायव्हर मी तयार केले आणि तुला एका रविवारी मैदानात नेलं. क्लच सुटला, मी ओरडलो, तू रडलीस. नंतर नेलंच नाही. माझी लाज वाटते गं मला.

आता ऐक. उद्या सकाळी किल्ली तुझ्या ऑफिसातल्या मॅडमच्या टेबलावर ठेव. आजोबांचंही सांग, काही लपवू नकोस. ते आजोबा माझ्याच वयाचे असतील. नोकरी गेली तर ये परत, विमानतळावर मी उभा असेन. आईला सगळं सांगितलंय. दोन दिवस तिने माझ्याशी अबोला धरलाय, तो मला मान्य आहे.

पप्पाला जमलं तर माफ कर.
पप्पा


लाइपझिग,
२७ एप्रिल २०२५

ती. पप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर आईसमोर अर्धंच सांगितलं, बाकीचं लिहिते. मॅडमनी काढलं नाही, पण किल्ली ठेवून घेतली. पायी आणि ट्रामने होतील अशी चार घरं दिली. जूनअखेरपर्यंत इथलं लायसन आणलं नाही तर नोकरी संपली.

क्लास लावला, बावीस तास झाले. लेखी पास झाले. काल गाडीची परीक्षा होती. परीक्षक बाई मागे बसल्या होत्या, चेहऱ्यावरची माशी हलेना. लेन बदलताना मी मान वळवून मागे बघितलं नाही. अठराव्या मिनिटाला त्यांनी गाडी बाजूला घ्यायला सांगितली. नापास झाले, पप्पा. पुढची तारीख तीन आठवड्यांनी आहे. तेव्हाही असंच झालं तर काय, हा विचार डोक्यातून जात नाही. तुम्हाला किती वाईट वाटेल तेही कळतंय.

तरीही मला आपलंच म्हणा.
श्रुतिका


विक्रोळी,
२८ एप्रिल २०२५

चि. श्रुतिका हिस,
खूप खूप आशीर्वाद.

पत्र वाचलं, आईलाही वाचून दाखवलं. ती रडली. जूनची भीती मलाही आहे, नाही कशाला म्हणू? पण तू पुन्हा शिक, पुन्हा दे, आणि मान वळवून बघ.

पुढच्या वेळी त्याच बाई भेटल्या तर त्यांना माझा नमस्कार सांग. तुला नापास करायचं काम सहा वर्षांपूर्वी माझं होतं.

तुझाच,
पप्पा