बोटं ललितची

नरडाणा,
रविवार, १३ एप्रिल २०२५

प्रिय किरणभाऊ,

नमस्कार. तुझी तब्येत बरी असेल. इकडे ऊन आतापासूनच चटके देतंय. शिंदखेड्याच्या कॉलेजातले माझे पेपर तपासून झाले. मायच्या गुडघ्याला जरा आराम आहे. फोन केला असता, पण माय शेजारीच बसलेली असते.

घरी एक माणूस राहायला आला आहे.

जळगावचं तुझं व्याख्यान सारखं आठवतं. कृष्णविवरात पडणारा माणूस बाहेरच्यांना काठावरच थबकलेला दिसतो, मंद मंद होत जातो, पण आत गेलेला कधी दिसत नाही, असं तू सांगितलंस. माय तोंडाला पदर लावून ऐकत होती. मग तू श्वेतविवराकडे आलास. त्यात काही जाऊ शकत नाही, त्यातून फक्त बाहेर येतं; गणितात बसतं, पाहिलं मात्र कुणीच नाही. माय भर सभेत उठली.

"मझार गयं ते बाहेर ई, पन तेच ई का?"

आत गेलेलं बाहेर येईल, पण तेच येईल का, या प्रश्नावर पोरं हसली. तू हसला नाहीस. म्हणालास, "माय, त्यावरच तर आमनं भांडण चालू शे."

होळीनंतरची गोष्ट. भर दुपारी दारात एक जण उभा. भुवईवर तीच खोक, डावा खांदा तसाच उतरलेला. कॉलेजला जातो म्हणून स्टेशनवर गेलेला, परत न आलेला आपला धाकटा भाऊ ललित, इतक्या वर्षांनी.

"माय, मी ललित."

मायने त्याला नीट न्याहाळलं. पाण्याचा तांब्या पुढे केला. "बस भाऊ. कोठला शे तू?"

तेव्हापासून ती त्याला पाहुण्यासारखं आधी वाढते. त्याला घरातलं सगळं आठवतं, मेलेल्या बैलाचं नावसुद्धा. कुठे होतास विचारलं की "तिकडंच" म्हणतो आणि स्वतःचे हात बघत बसतो. आधार केंद्रात नेऊन बोट ठेवायला लावलं. नाव ललितचंच आलं. मायला सांगितलं, तर म्हणाली, "बोटं त्यानाच शेतस."

संध्याकाळच्या गाडीला ती अजून स्टेशनवर जाते. "मना ललित ई," म्हणते. काल उशीर झाला म्हणून मी आणायला गेले. दोघं एकाच बाकावर बसलेली, मायची पिशवी त्याच्या मांडीवर. गाडी लागली तसा तो उठला आणि उतरणाऱ्या प्रत्येकाचं तोंड बघू लागला. मायला लांबचं दिसत नाही ना, म्हणून.

परतताना माय थोडी पुढे गेली, तेव्हा त्याने हळूच विचारलं, "अक्का, तो आला तर मी कुठं जाऊ?"



भाऊ, तू ये. तुमचं शास्त्रज्ञांचं भांडण मिटेल तेव्हा मिटेल. आधी दारातूनच त्याला नावाने हाक मार, मायला ऐकू जाईल अशी. मी रोज ठरवते. ताट पुढे ठेवते, तोंड उघडते, आणि म्हणते, "जेवून घ्या."

तुमची दोघांची बहीण, असं लिहिणार होते.

तुझी,
रत्ना