स्टेअरिंगला हात

६ मार्च, गुरुवार
लॉन्ड्री, जेवणाची सुट्टी

ति. बाबा,

आम्ही इकडे ठीक आहोत. आईचा हात थंडीत ठणकायचा, तो आता कमी ठणकतो. धाकटा माझ्या कानापर्यंत आलाय, अक्कल अजून गुडघ्यातच आहे. तुम्ही तिकडे टेम्पोच्या डेपोत वेळेवर जेवता ना?

पत्र बघून दचकू नका, कोणाला काही झालेलं नाही. फोनवर मला बोलता येत नाही हे तुम्हाला माहीत आहे. तुम्ही म्हणता "काय गं", मी म्हणते "हं", आणि मग मी फोन आईकडे कधी देते याची दोघंही वाट बघतो. म्हणून लिहितेय. शाळा सुटून तीन वर्षं झाली, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ काढत बसू नका.

बातमी अशी की मी गाडी शिकले.

आधी पूर्ण वाचा, मग चिडा.

आमच्या लॉन्ड्रीच्या व्हॅनवर सरळकाका आहेत. त्यांच्या मानेचा मणका धरलाय, मान इकडेतिकडे वळत नाही. कोणी हाक मारली की कपाट फिरवावं तसे अख्खे फिरतात. म्हणून सरळकाका. व्हॅन हॉटेलांच्या चादरी घेऊन येते. माल मागच्या दाराने उतरतो, म्हणून आवारातल्या बोळातून ती उलटी आत घ्यावी लागते. बोळ इतका चिंचोळा की दोन्ही आरसे मिटवायचे आणि मान वळवून मागच्या काचेतून बघायचं. ते काकांना जमत नाही. आधी मी मागे उभी राहून हाताने खुणा करायचे, कारण "या, या, थांबा" असं ओरडायला माझा आवाजच फुटत नाही. पण खुणा बघायलासुद्धा मान वळावी लागते ना. दोनदा त्यांनी भिंत घासली, एकदा मला. तेव्हा खाली उतरले आणि म्हणाले, "पोरी, तुझी मान चांगली आहे. तूच बस."

तर दीड वर्ष रोज तीन वेळा मी व्हॅन आत घेते. फक्त उलटी. फाटक लावलेलं असतं, रस्त्यावर चाक गेलेलं नाही. बाहेर काढायची ती काकाच काढतात, सरळ जायला त्यांना काही अडत नाही.

मला अठरा पूर्ण झाल्यावर मालकीणबाई म्हणाल्या, "लायसन्स काढ. काकांचं आता होत नाही. व्हॅनवर तूच ये." म्हणजे इस्त्रीचं टेबल सुटेल. मी शिकाऊ लायसन्स काढलं, कॉम्प्युटरच्या परीक्षेत एकच उत्तर चुकलं. काकांनी शेजारी बसून पाच-सहा वेळा रस्त्यावर नेलं. काल पक्क्या लायसन्सची परीक्षा होती.

साहेब म्हणाले, आधी रिव्हर्स दाखव. मी दाखवला. त्यांचे खांब आमच्या बोळापुढे मैदानच होते, एका झटक्यात घेतली. साहेबांनी वही खाली ठेवली. "वा! कोणी शिकवलं? वडिलांनी?" मी आरसा सारखा करत राहिले. मग म्हणाले, "आता पुढे घे." मी पहिला गिअर टाकला, आणि सवयीने सीटच्या पाठीवर हात ठेवून मान मागे वळवली. गाडी पुढे, मी मागे. खांब आडवा.

"अगं बाई, बघतेस कुठे? गाडी पुढे चाललीय!"

रांगेतले सगळे हसले. नापास.

रडले नाही. पुढच्या बुधवारी परत आहे आणि मी जाणार आहे. आई म्हणाली, "बाबांना विचार." मी विचारत नाहीय, कळवतेय. तुम्ही काय म्हणाल ते मला माहीत आहे. तीन वर्षांत तुम्ही ते मला खूप वेळा म्हटलंय, लोकांसमोर, हसत हसत.

काकांनी बेल मारली, चादरी आल्या.

नमस्कार.
मोठी


१७ मार्च, सोमवार

बाबा,

आम्ही बरे आहोत. तुम्हीही बरेच असाल, शुक्रवारी फोनवर आवाज चांगला खणखणीत होता. आई टॉवेलांच्या घड्या घालत होती, म्हणून तिने स्पीकर लावला होता. मी दाराशी होते, सगळं ऐकलं.

"तिला सांग, एकदा स्टेअरिंगला हात लावलास तेवढा पुरे झाला. आता अजून कोणाचा हात मोडायचाय?"

धाकटा फिदीफिदी हसला. आई हसली नाही. टॉवेल हनुवटीखाली धरून एका हाताने घडी घालत राहिली.

तर ऐका. तुम्ही हे बोललात त्याच्या दोन दिवस आधीच मी पास झाले होते. तुम्हाला सांगायचा आईला धीर झाला नसेल. मला झालाय.

तो आठवडाभर काकांनी मला त्यांचा मानेचा पट्टा घालायला लावला. "आता बघू कशी मागे वळतेस," म्हणाले. मी पट्टा घालून आवारात व्हॅन पुढे नेते आणि काका बिनपट्ट्याचे शेजारी बसून कण्हतात, आणि बाकीच्या बायका खिडकीतून विचारतात, "नक्की कोणाला ॲडमिट करायचंय?" पण सवय मोडली.

बुधवारी साहेब तेच. "आलीस? आज पुढे बघणार ना?" मी मान हलवली. खांब झाले, चढ झाला, मग त्यांनी व्हॅन रस्त्यावर घ्यायला सांगितली आणि स्वतः शेजारी बसले. वळणावर एक स्कूटरवाला मधे घुसला. मला तो दिसला होता, पाय ब्रेकवर गेलाही होता. पण साहेब घाबरले आणि त्यांनी बाजूने हात घालून स्टेअरिंग ओढलं.

बाबा, मी दोन्ही हातांनी धरून ठेवलं. गाडी थांबली, स्कूटरवाला शिव्या देत गेला. साहेबांचा हात तसाच स्टेअरिंगवर. आणि माझ्या तोंडून निघालं, चांगलं मोठ्याने निघालं, "साहेब, हात काढा."

साहेब माझ्याकडे बघत राहिले, मग हात काढला. मी गाडी परत आणली. उतरताना वहीत लिहिलं आणि म्हणाले, "चूक माझी होती. पास."

अनोळखी माणूस. दोन मिनिटांत म्हणून मोकळा झाला.

मी व्हॅन आवारात आणली, काकांना किल्ली दिली आणि चादरींच्या ढिगामागे जाऊन बसले. बाजूने कोणी स्टेअरिंग ओढलं की काय होतं ते मला पहिल्यांदाच कळलं होतं. मनगटाला हिसका बसतो. जो चालवतोय त्याला शंका राहूच शकत नाही. म्हणजे आईचा हात मोडला त्या दिवशी तुम्हालाही नव्हती.

मी मात्र तीन वर्षं स्वतःला विचारत होते. सगळे म्हणतात, तर लावला असेल का मी हात? झोपेत लावला असेल का? इस्त्री करताना विचारायचे, जेवताना विचारायचे. कधी कधी तर मला दिसायचंसुद्धा, माझा हात स्टेअरिंगवर. तुम्ही इतक्या वेळा सांगितलंत की मला तो दिसायला लागला.

आता मी सांगते काय झालं.

मामाकडून येत होतो. तुमच्या मालकाचा टेम्पो, पुढे सलग सीट. तुम्ही, मधे मी, खिडकीशी आई. आईला झोप लागली होती, तिचा डावा हात खिडकीबाहेर होता. तुम्ही थर्मासच्या झाकणात चहा ओतून घेतलात, मग फोन वाजला म्हणून झाकण माझ्याकडे दिलंत. "धर, सांडू नकोस." काठोकाठ भरलं होतं. मी ते दोन्ही हातांनी धरलं. तुम्ही फोनमध्ये बघत होतात. मी "बाबा, खांब" म्हटलं, पण माझा आवाज तुम्हाला माहीतच आहे. टेम्पो खांबाला घासला, आईचा हात मधे सापडला.

उतरल्यावर तुम्ही पहिलं वाक्य बोललात ते आईशी नाही. मालकाशी, फोनवर. "पोरीने स्टेअरिंग ओढलं." मी तिथेच उभी होते. मला वाटलं घाबरलेत, घरी गेल्यावर खरं सांगतील. नोकरी जाईल म्हणून बोलले असतील, हेही कळत होतं, मी काही इतकी मठ्ठ नव्हते. घरी गेलो. दवाखान्यात गेलो. आत्या आली. तुम्ही तेच सांगितलंत, दर वेळी थोडं नीट करून.

मग लॉन्ड्रीत आईच्या जागी इस्त्रीला कोण उभं राहणार अशी बोलणी झाली. सगळे माझ्याकडे बघत होते. आत्या म्हणाली, "जिने केलं तिनेच निस्तरावं." तुम्ही खाली बघून बुटांच्या नाड्या बांधत होतात. किती वेळ बांधत होतात बाबा. मी नववीची पुस्तकं शेजारच्या मुलीला देऊन टाकली आणि दुसऱ्या दिवशी लॉन्ड्रीत गेले.

इस्त्रीचं मला वाईट वाटत नाही. आईसाठी मी असंही गेले असते. कोणी न सांगता गेले असते. पण तुम्ही मला ते शिक्षा म्हणून करायला लावलंत, आणि केलं होतं तुम्ही.

तुम्ही मला गाडीला हात लावू देत नव्हतात ते माझ्या काळजीपोटी नाही, हे मला आता कळतंय. मी चालवायला शिकले असते तर मला कळलं असतं. कळलं.

शुक्रवारच्या तुमच्या फोननंतर मला झोप आली नाही. शनिवारी आई एकटी होती. माझ्या मांडीवर एक डाग आहे, तळहाताएवढा, पांढरट. चहाचा. मी तो तीन वर्षं कोणाला दाखवला नव्हता, दाखवायच्या जागी नाही तो, आणि तेव्हा आईचा हात तसा झालेला असताना माझं भाजलेलं कोणाला सांगणार? शनिवारी दाखवला.

आई म्हणाली, "हा कधीचा?"

मी म्हटलं, "त्याच दिवशीचा. बाबांचा चहा मी धरला होता."

तिने डागावरून बोट फिरवलं. मग विचारलं, "कुठल्या हाताने?"

मी म्हटलं, "दोन्ही."

आई उठली, दार लावून घेतलं, परत येऊन माझ्याजवळ बसली. धाकटा बाहेरून दार वाजवत होता, त्याला तिने पहिल्यांदाच उघडलं नाही.

काल तिने मला विचारलं, "तुझी ती व्हॅन रविवारी मिळेल का?"

मालकीणबाईंनी दिलीय. त्या अपघातापासून आई कुठल्याच गाडीत पुढे बसलेली नाही, हे तुम्हाला माहीत आहे, बसमध्येसुद्धा ती मागची जागा शोधते. रविवारी ती माझ्या शेजारी बसून येणार आहे. मी तिला म्हटलं, हवं तर मागे बस. ती म्हणाली, "नाही. मला समोरचं दिसायला पाहिजे."

तिला सगळं कळलंय. पण तिला ते तुमच्या तोंडून ऐकायचंय, फोनवर नाही. मलाही. आणि मग आत्याला तुम्ही सांगायचं, धाकट्यालाही तुम्हीच. त्याला मी आधी एक देणार होते, आईने अडवलं.

अकरापर्यंत डेपोच्या फाटकाशी पोचतो. मुद्दाम फेरी लावून घेऊ नका. लावलीत तर जिथे माल उतरवाल तिथे येऊ. तिथे नसलात तर त्याच्या पुढच्या रविवारी. मला घाई नाही, माझं लायसन्स वीस वर्षांचं आहे.

इथे खाली नमस्कार लिहायचा असतो. तो आज लिहीत नाही. तुम्ही काय बोलता ते ऐकते, मग वाकायचं की नाही ते तिथेच बघू.

तुमची मुलगी