तेल आपोआप, हवा आपोआप

३ जून, सोमवार
वीज कंपनीचं पत्र आलं. शीतगृहाचा ट्रान्सफॉर्मर ज्याच्या ताब्यात असेल त्याने लेखी परीक्षा द्यायची. प्रकार, क्षमता, थंड ठेवण्याच्या पद्धती. २ जुलैला, आरिल्ये शहरात. सव्वीस वर्षं मी दर सोमवारी तपासणीच्या वहीत 'ठीक' लिहून सही करतोय. ट्रान्सफॉर्मरवरची पाटी आज पहिल्यांदा वाचली. 'ओनान' लिहिलंय. इतकी वर्षं मला ते कारखानदाराचं आडनाव वाटत होतं. लाज वाटली, पण थोडीच. महिना आहे हातात. रोज दोन तास अभ्यास. उद्यापासून.

५ जून
कालचे दोन बुडाले म्हणून आज चार करायचे होते. तेही राहिले. घरात अभ्यास होणं शक्यच नाही. बायको, डेसांका, चेरीचा जॅम ढवळत बसते आणि दर पाच मिनिटांनी विचारते, तुला तर सगळं येतं ना, मग वाचतोयस काय एवढं?

६ जून
शीतगृहातल्या स्विचबोर्डच्या खोलीत टेबल टाकलं. मध्ये जाळी, जाळीपलीकडे ट्रान्सफॉर्मर. तो गुणगुणतो, बाकी शांतता. त्रास एकच, वाऱ्याचा झोत. भिंतीतल्या खालच्या झडपेतून वारं आत शिरतं, वरच्या झडपेतून बाहेर पडतं आणि वाटेत माझी मान. समोरासमोर भोकं ठेवायची अक्कल कुणाची कोण जाणे. माझा काका असल्याच झोताने गेला. डॉक्टरांनी फुप्फुसाचं काहीतरी लिहिलं, पण घरात सगळ्यांना खरं माहीत आहे.

८ जून
मान डावीकडे वळत नाही. डेसांकाने राकिया, घरची फळांची दारू, चोळली, वर थोडी पाजली. दुपारी जाऊन बाहेरून खालच्या झडपेत जुनी रजई कोंबली, तिच्यावर रिकामी पोती. झोत बंद. आता अभ्यासाला खरी सुरुवात.

१० जून, सोमवार
वहीत 'ठीक'.
ओनान कळलं. तेल आपोआप, हवा आपोआप. आत तापलेलं तेल वर चढतं, बाजूच्या पातळ पत्र्यांतून गार होत खाली येतं, आणि त्या पत्र्यांना गार करायला हवा आपली आपण येते. पंखे लावले की ओनाफ. तेलाला पंपही लावला की ओफाफ. ते वीजकेंद्रातल्या मोठ्यांचे थाट. तेल नसलेला कोरडा प्रकारही असतो. आपला ओनान सगळ्यात बिनघोर. माणसाने काहीच करायचं नसतं. म्हणजे सव्वीस वर्षं मी बरोबरच वागलो.

१२ जून
नेगोस्लाव येऊन गेला. शीतगृहाच्या सोसायटीचा अध्यक्ष, पण त्याआधी माझा कुम. माझ्या लग्नात साक्षीला उभा राहिला, माझ्या दोन्ही मुलींना बाप्तिस्म्याला हातावर घेतलं. विचारत होता, कुमा, यंदा माझ्या हट्टापायी दोन नवे कॉम्प्रेसर आलेत, हा तुझा डबा ओढेल ना रे? मी कागदावर मांडून दाखवलं. क्षमता ६३० केव्हीए. जुना भार ४१०, नवा १३०. झाले ५४०. नव्वद शिल्लक. किलोवॅट न लिहिता केव्हीए का लिहितात, तेही समजावलं. तार तापते ती प्रवाहाने, त्यातून काम किती निघालं याची तिला फिकीर नसते. तो म्हणाला, बस, तू सांगितलंस ना, आता मी गावाला शब्द देतो.
आयुष्यात पहिल्यांदा हिशोब करून काही सांगितलं आणि ते बरोबर होतं. छान झोप लागली.

१९ जून
तोडणी सुरू. चाळीस घरांची रास्पबेरी. वेळेत गोठली तर दाणा न् दाणा सुटा आणि टणक. जरा उशीर झाला तर लगदा. चार आठवड्यांत वर्ष काढायचं असतं सगळ्यांना.

२४ जून, सोमवार
'ठीक'. तेलाचा थर्मामीटर ८६ दाखवतोय. गेल्या वर्षीचा आकडा बघावा म्हटलं, तर वहीत फक्त 'ठीक'. ऊनच फार आहे. वरच्या झडपेतूनही उलटं वारं येतंय असं वाटलं, तिच्यातही पोतं घातलं.

२६ जून, दुपारी ४
बंद पडला. आपोआप.
सकाळची तोडणी नुकतीच आत आली होती. धावत मागे गेलो. रजई ओढली. इतकी गरम की हात भाजला. पोतीही काढली, सगळं गाडीच्या डिकीत टाकलं. आधी हवा मोकळी करणं गरजेचं होतं. कुणाला सांगत बसायला वेळच नव्हता.

२६ जून, रात्री १०
शहरातून इंजिनियरबाई आल्या. तरुण, मृदू बोलणाऱ्या. तेल ९८ वर जाऊन त्याने स्वतःला बंद केलं म्हणाल्या. भाराच्या नोंदी मागितल्या. त्या मी ठेवत नाही. मग विचारलं, यंदा भार वाढवलात का? सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी एवढंच म्हणालो की दोन नवे कॉम्प्रेसर यंदाच आलेत. हे खोटं नाही. त्याच्यापुढचं लोकांनी जोडलं. कुणीतरी म्हणालं, अध्यक्षांची हौस, दुसरं काय. नेगोस्लाव माझ्याकडे बघत राहिला आणि मग म्हणाला, माझंच चुकलं.
तेल निवेपर्यंत पाच तास गेले. अकरा टनांचा लगदा झाला.

२७ जून
१२ तारखेच्या हिशोबाबद्दल तो एक अक्षर बोलला नाही. विसरला असावा. उद्या सकाळी त्याच्याकडे जाऊन सांगतो.

२८ जून
गेलो होतो. तो घरी नव्हता. घरोघरी जाऊन माफी मागतोय म्हणे.

३० जून, रविवार
आज बेत पक्का होता. पण परीक्षा तोंडावर आली. असल्या गोष्टी शांत डोक्याने बोललेल्या बऱ्या. त्याच्या बायकोने चर्चबाहेर माझ्या मुलींची चौकशी केली. मला तिच्या तोंडाकडे बघवलं नाही.

२ जुलै
परीक्षा. चौथा प्रश्न: 'ओनान ट्रान्सफॉर्मरच्या खोलीतली हवा अडली तर काय होईल?'
बराच वेळ पेन हातात धरून बसलो. मग दीड पान लिहिलं. खालची झडप का लागते, वरची का, भार क्षमतेच्या आत असूनही तेल कसं तापत जातं. आकृतीही काढली. चुकीचं लिहिलं असतं तर नापास झालो असतो, त्यात कुणाचं काय भलं होतं?

५ जुलै
शंभरात सत्त्याण्णव. चौथं उत्तर नमुना म्हणून बाकीच्यांना वाटणार आहेत, असं पत्रात लिहिलंय. डेसांकाने पत्रासोबत आलेली उत्तराची प्रत शेजारणीला वाचून दाखवली. शेजारीण म्हणाली, बाई, किती बारीक लिहिलंय, डोळ्यांनी बघितल्यासारखं. मी परसात जाऊन उगाच लाकडं फोडली.

७ जुलै, रविवार
सोसायटीची सभा. उठून सांगायचं, एवढंच ठरवून गेलो होतो. नेगोस्लाव आधी उठला, अध्यक्षपद सोडलं, आणि माझं नाव सुचवलं. म्हणाला, गावात परीक्षा पास झालेला हा एकच आहे. सगळे हात वर. उठलो. धन्यवाद म्हणालो आणि बसलो. सगळ्यांचा उत्साह बघून विषय काढवेना.
माझी मला किळस आली.

८ जुलै, सकाळी ९
नेगोस्लाव शीतगृहाच्या किल्ल्या द्यायला आला. डेसांकाने कॉफी ठेवली आणि बाहेर गेली. मी म्हणालो, कुमा, एक बोलायचं होतं. तो म्हणाला, राहू दे, मला माहीत आहे. त्या दिवशी मी मागे धावलो तेव्हा तोही मागून आला होता. मी रजई डिकीत भरताना त्याने पाहिलं.
मी विचारलं, मग त्या बाईंपुढे बोलला का नाहीस?
तो म्हणाला, ते तू बोलायचं होतंस. संध्याकाळपर्यंत बोलशील असं वाटलं. मग वाटलं, उद्या बोलशील. म्हणून मी माफी मागायला रोज चारच घरं घेतली. एका दिवसात उरकलं असतं रे, पण म्हटलं तुला वेळ मिळावा. शेवटचं घर परवा झालं.
कॉफी संपवली, मुलींना माझा पापा सांग म्हणाला आणि गेला.
मी बसलोय. चाळीस घरं आहेत. पहिलं समोरच दिसतंय, दार उघडं आहे.